समान वाटणी आणि न्याय्य वाटणी

घर म्हटले की वाटणी आलीच. शेताची वाटणी, विहिरीच्या पाण्याची वाटणी, माजघरातील भांड्यांची वाटणी, आणि आमच्यासारख्या पुजाऱ्यांच्या घरी देवाच्या पूजेच्या पाळीचीही वाटणी. ह्या वाटण्या कशा कराव्यात ह्याविषयी आपल्या पूर्वजांनी पुष्कळ विचार केला, भांडणेही पुष्कळ केली, आणि त्या भांडणांतूनच काही रीती ठरत गेल्या. अलीकडे मात्र आपल्या घरांत अशी एक वस्तू आली आहे की जी डोळ्यांना दिसत नाही, पायली-शेराने मोजता येत नाही, आणि तरीही जिच्यावरून दररोज संध्याकाळी घरोघरी धुसफूस चालते. ती वस्तू म्हणजे इंटरनेट. घरात जोडणी एकच आणि तिच्यावर आठदहा माणसांचे मोबाईल. कोणी किती वापरावे? कोणी कोणासाठी थांबावे? प्रश्न वरवर पाहता यंत्राचा वाटतो. परंतु थोडे खोल गेल्यास तो नीतीचा आहे असे दिसून येते. मी फार शिकलेला नाही. शालान्त परीक्षेनंतर वडिलांच्या हाताखाली पूजेअर्चेत लागलो. तथापि गेल्या वर्षी माझ्या हातून जे घडले त्यामुळे ह्या प्रश्नाचा विचार मला करावाच लागला. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आमचा जोयडा तालुका विस्ताराने मोठा, परंतु वस्तीने अगदी विरळ. काळी नदीचे खोरे, दाट अरण्य, व्याघ्रप्रकल्पाची हद्द, आणि एकमेकींपासून दूर दूर वसलेल्या वाड्या. अशा मुलखात मोबाईलचे मनोरे थोडे. आणि जेथे आहेत तेथेही मध्ये डोंगर आला की बोलणे तुटते. २०२० साली साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिकवणी मोबाईलवर आली, तेव्हा सिग्नलसाठी टेकडीवर जाऊन बसणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यामुळे आमच्या घरी तारेची जोडणी आली तेव्हा परसात विहिरीला पाणी लागावे तसा आनंद झाला. घरात आजी, आई-बाबा, काका-काकू, दोन चुलतभाऊ, धाकटी बहीण आणि मी, अशी नऊ माणसे. जोडणीचे पैसे काका भरतात. राउटर बसविणे, त्याचा परवलीचा शब्द सांभाळणे, बिघाड झाल्यास पाहणे, हे काम माझ्याकडे आले. कारण त्याची आवड घरात मलाच होती.

गेल्या वर्षी बहिणीची एका शिष्यवृत्तीसाठी मुलाखत होती. ती व्हिडिओ कॉलवरून व्हावयाची होती. महिनाभर तिने तयारी केली. आईने त्या दिवशी सकाळी देवापुढे निरांजन लावले, काकूंनी मुलांना अंगणात पिटाळले, आणि अकरा वाजता ती माजघरात दार लावून बसली. पहिल्या दोनतीन प्रश्नांनंतर तिचा आवाज पलीकडे तुटक जाऊ लागला. तिचे उत्तर तिकडे पोहोचे तोवर परीक्षकांचा पुढचा प्रश्न विचारून झालेला असे. दहा मिनिटांनी त्यांनी सौजन्याने निरोप घेऊन पुढील उमेदवारास बोलाविले. शिष्यवृत्ती मिळाली नाही.

मी प्रथम जोडणी देणाऱ्यांस दोष दिला. त्यांचा माणूस येऊन तार तपासून गेला. तार निर्दोष होती. मग मी धाकट्या चुलतभावास बोल लावला, कारण त्या वेळी तो क्रिकेटचा सामना पाहत होता. तो बिचारा ओशाळून गप्प बसला. पुढे आठवड्याने राउटरमधील नोंदी चाळीत असता खरे कारण माझ्या दृष्टीस पडले. त्या सकाळी मी देवळाच्या जत्रेच्या साठ चित्रफिती जपून राहाव्यात म्हणून दूरच्या साठवणीत पाठविण्यास लावल्या होत्या, आणि मोबाईल फडताळावर ठेवून देवळात गेलो होतो. साऱ्या मिळून सुमारे १८ गिगाबाइट. आमच्या जोडणीचा वेग आत येण्याच्या दिशेने सेकंदाला ३० मेगाबिट असला तरी बाहेर जाण्याच्या दिशेने केवळ ५ मेगाबिट आहे. त्या वेगाने तेवढ्या चित्रफिती जाण्यास आठ तास लागतात. म्हणजे बहिणीच्या मुलाखतीच्या वेळी बाहेर जाणारी सारी वाट माझ्या मोबाईलने अडवून ठेविली होती. ज्याच्यावर मी रागावलो तो आत येणाऱ्या वाटेचा उपयोग करीत होता; त्याचा ह्यात काडीमात्र दोष नव्हता.

हे कळल्यावरही मी आणखी चार दिवस कोणास काही बोललो नाही. चूक अजाणता झाली होती हे खरे. पण मौन मात्र जाणूनबुजून होते. शेवटी एका रात्री जेवणे झाल्यावर सर्वांसमक्ष सांगितले आणि चुलतभावाची क्षमा मागितली. बहीण क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, माझी मुलाखत काही परत येणार नाही. पण ह्या घरात पुन्हा कोणाचे असे होऊ नये, एवढी व्यवस्था कर." त्या रात्री घरात वाटणीची जी चर्चा झाली तिनेच ह्या लेखाचे मूळ घातले.

चर्चेपूर्वी वाटावयाची वस्तू काय आहे हे नीट समजून घेतले पाहिजे. धान्याची रास आज वापरली नाही तर उद्या उरते. इंटरनेटच्या जोडणीचे तसे नाही. ती वाहत्या पाटासारखी आहे. ह्या क्षणाची क्षमता ह्या क्षणी कोणी वापरली नाही तर ती गेली. ती साठवून उद्या कोणास देता येत नाही. म्हणून घरातील सारे झोपलेले असता एकाने सबंध वाट वापरली तर त्यात कोणाचेच नुकसान नाही. आणि सारे जागे असता एकाने ती अडविली तर क्षणभराचेही नुकसान होते. तात्पर्य, येथे वाटावयाचे ते प्रमाण नव्हे, तर पाळी.

ह्या पाळीत बिघाड कसा होतो तेही पाहण्यासारखे आहे. आपण जे काही पाठवितो ते लहान लहान पाकिटांत विभागून जाते, आणि वाट भरलेली असली की पाकिटे यंत्राच्या दारात रांगेने उभी राहतात. एका यंत्राच्या रांगेत एक मेगाबाइट मावते असे धरा. सेकंदाला ५ मेगाबिट वेगाने ती रांग रिकामी होण्यास दीड सेकंदाहून अधिक वेळ लागतो. माझ्या मोबाईलने ती रांग सतत भरून ठेविली. बहिणीच्या बोलण्याची पाकिटे अगदी लहान. एकेक पुढे जाण्यास सेकंदाचा सहस्रांशदेखील पुरे. परंतु प्रत्येकाला माझ्या चित्रफितींच्या मागे दीड सेकंद ताटकळावे लागले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे संभाषण सहज चालावयाचे तर आवाज एका बाजूने दुसरीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला पाहिजे. म्हणजे तिच्या वाट्याला दसपट विलंब आला. गिरणीत पाच पोती दळावयास टाकलेल्या माणसामागे ओंजळभर पीठ हवे असणाऱ्या म्हातारीने उभे राहावे, तसे हे झाले.

अशी चूक करणारा मी पहिला नव्हे, हे पुढे वाचनात आले. २०१० साली अमेरिकेत जिम गेटिस नावाचे एक अनुभवी संगणकतज्ज्ञ आपल्या घरून एक मोठा संग्रह दूर पाठवीत होते, तेव्हा त्यांच्याच घरचे इंटरनेट मंदावले, आणि त्याचा शोध घेता घेता त्यांना रांगांच्या ह्या रोगाचे निदान झाले. जगभरची यंत्रे बनविणाऱ्यांनी "एकही पाकीट वाया जाऊ नये" ह्या सद्हेतूने रांगा अतिशय लांब ठेविल्या होत्या. आणि त्या लांबीनेच सर्वांचा वेळ वाया जात होता. सद्हेतूनेही अन्याय होऊ शकतो, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

आता चर्चेकडे वळू. त्या रात्री आमच्या घरात तीन पक्ष पडले.

पहिला पक्ष थोरल्या चुलतभावाचा. "पैसे आमचे बाबा भरतात, तेव्हा प्रथम हक्क त्यांचा." ह्या पक्षाचा निकाल काकांनी स्वतःच लावला. ते म्हणाले, "तांदूळही मीच आणतो, म्हणून काय तुझ्या आजीच्या आधी माझे पान वाढतात?" एकत्र कुटुंबात पैसा ज्याच्या हातून जातो तो सर्वांच्या वतीने देत असतो. पैशाप्रमाणे वाटणी हे बाजारातील सूत्र आहे, आणि बाजारात ते योग्यही असेल. परंतु घर हा बाजार नव्हे.

दुसरा पक्ष समान वाटणीचा. माणसे नऊ, तेव्हा ३० मेगाबिटांचे नऊ भाग करावेत आणि ज्याचा त्याला द्यावा. हे ऐकावयास न्यायाचे वाटते. परंतु आजीचा भाग दिवसभर पडून राहील, बाबा देवळात असता त्यांचा भाग वाया जाईल, आणि अभ्यासाचा धडा पाहणाऱ्या मुलाला स्वतःच्या भागापलीकडे एक थेंब मिळणार नाही. जी वस्तू न वापरता उरतच नाही तिचे असे कुंपण घालून तुकडे करणे म्हणजे कोणाचेही भले न करता सर्वांचे वाईट करणे होय.

ह्याहून चांगली रीत आपल्या पंगतीत पूर्वापार चालत आली आहे. वाढपी भाताचे पातेले घेऊन पंगतीतून फिरतो. प्रत्येक पानावर तो सारखेच वाढावयास जातो. परंतु म्हातारी आजी हात आडवा करते, लहान मूल अर्धेच घेते. त्यांचे जे उरले ते वाढपी घेऊन पुढे जातो आणि भुकेल्या तरुणास पुन्हा विचारतो. अल्प भुकेचा तृप्त होतो, अधिक भुकेच्याला उरलेले मिळते, आणि एकाचे पोट भरण्यासाठी दुसऱ्याच्या पानावरचे कोणी उचलीत नाही. विशेष म्हणजे इंटरनेटच्या शास्त्रानेही नेमकी हीच रीत स्वीकारली आहे. १९८५ साली जॉन नेगल ह्यांनी असे सुचविले की सर्वांची पाकिटे एकाच रांगेत न कोंबता प्रत्येक पाठविणाऱ्याची रांग निराळी धरावी आणि यंत्राने प्रत्येक रांगेतून आळीपाळीने एकेक पाकीट उचलावे. मग एकाने कितीही गर्दी केली तरी ती त्याच्याच रांगेत साचते. शेजाऱ्याचा मार्ग मोकळा राहतो. १९८९ साली इतर संशोधकांनी ह्या विचारास अधिक काटेकोर रूप दिले. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन ह्यांनी आणखी एक मर्म सांगितले: रांग किती लांब आहे हे पाहू नका, तिच्यात प्रत्येकाला किती वेळ उभे राहावे लागते ते पाहा. वाटपाचा न्याय देणाऱ्याच्या बाजूने न मोजता ताटकळणाऱ्याच्या बाजूने मोजावा, असाच ह्याचा अर्थ नव्हे काय?

परंतु येथे एक अडचण उभी राहते. पान कोणाचे आणि किती मोजावयाचे? यंत्राच्या दृष्टीने पाठविणारा म्हणजे माणूस नव्हे, तर एकेक जोडसूत्र. काही कार्यक्रम मोठी फाईल आणताना एकाच वेळी वीस वीस सूत्रे उघडतात. सूत्रागणिक समान वाटणी केली तर त्या एकट्याला वीस भाग आणि शेजारच्याला एक. पंगतीत एकाच माणसाने वीस पत्रावळी मांडून बसावे आणि वाढप्याने प्रत्येक पत्रावळीवर इमानाने वाढीत जावे, तसे हे आहे. वाढपी निःपक्षपाती, पण पंक्तिप्रपंच झालाच! उपकरणागणिक वाटणी केली तरी दोष पूर्ण जात नाही. माझ्या थोरल्या चुलतभावाजवळ मोबाईल, लॅपटॉप आणि दूरदर्शनचा संच आहे. आजीजवळ एकच जुना मोबाईल.

हा मोजणीचा प्रश्न आपल्याला नवा नाही. पूजेच्या पाळ्या आमच्याकडे शाखेवार आहेत. एका शाखेत एक मुलगा आणि दुसरीत पाच असले तरी दोन्ही शाखांना वर्षाचे सहा-सहा महिने. भावाभावांत समानता झाली. परंतु नातवांपैकी एकाला सहा महिने आणि इतरांना सुमारे सव्वा-सव्वा महिना. समानतेत खोट नाही. तरी कोणास एकक धरले ह्यावर सारे अवलंबून राहिले. जो म्हणतो "मी सर्वांना सारखे दिले," त्याला प्रथम विचारावे, "सर्व म्हणजे कोण?"

ह्या बाबतीत महाराष्ट्रातील एक थोर प्रयोग आठवतो. १९७२ च्या भीषण दुष्काळानंतर पुण्याचे विलासराव साळुंखे ह्यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे, गावच्या देवस्थानाची जमीन भाडेपट्ट्याने घेऊन, पाणी अडविण्याचे काम सुरू केले आणि त्यातून पुढे पाणी पंचायत उभी राहिली. त्यापूर्वी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर चाले. ज्याची जमीन अधिक त्याचे पाणी अधिक, आणि भूमिहीनाला काहीच नाही. पाणी पंचायतीने ठरविले की पाणी जमिनीमागे नव्हे, माणसामागे द्यावयाचे: दरडोई अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला अधिकात अधिक अडीच एकरांचे, भूमिहीनांनाही पाण्यात वाटा, आणि उसासारखे फार पाणी पिणारे पीक घ्यावयाचे नाही. जमीन मोजण्याऐवजी माणसे मोजली, आणि पाण्याच्या त्याच थेंबांचा न्याय बदलला. घरातील इंटरनेटचेही तसेच आहे. सूत्रे मोजू नयेत, यंत्रे मोजू नयेत, माणसे मोजावीत.

तिसरा पक्ष आईचा. ती म्हणाली, "मला तुमचे भाग-बिग समजत नाहीत. अभ्यास आधी, मुलाखत आधी, दवाखान्याचा फोन आधी, सिनेमा मागून." हा गरजेचा पक्ष. तो मनाला सर्वांत अधिक पटतो, आणि सर्वांत अधिक जपूनही वापरावा लागतो. कारण गरज कोणी ठरवावयाची? मला आजीचे रोज संध्याकाळचे भजन ऐकणे करमणूक वाटेल. तिला तो दिवसाचा आधार वाटतो. चुलतभावाचा सामना मी क्षुल्लक ठरविला, तो केवळ मला क्रिकेटची गोडी नाही म्हणून.

येथे कोणी शंका घेईल की अभ्यासाला पुढे आणि सिनेमाला मागे करणे हाही भेदभावच नव्हे काय? आपल्या देशात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम केला की इंटरनेट पुरविणाऱ्यांनी मजकूर पाहून निरनिराळे दर लावू नयेत. जे पुरवठादाराला वर्ज्य, ते घराला कसे चालेल? माझ्या मते दोहोंत भेद आहे. पुरवठादाराचा ग्राहक त्याच्यासमोर बसलेला नसतो. ग्राहकाला काय हवे ते दुसऱ्याने नफ्याच्या हिशेबाने ठरविणे हा अन्याय होय. घरात मात्र ज्यांना थांबावयाचे ती माणसे एकाच दिव्याखाली बसून "अमुक वेळी मी थांबेन" असे स्वतः म्हणू शकतात, आणि न पटल्यास उद्या नियम बदलूही शकतात. संमतीने स्वीकारलेला क्रम म्हणजे शिस्त. लादलेला क्रम म्हणजे जुलूम. म्हणून गरजेला प्राधान्य द्यावे. परंतु ते माझ्यासारख्या किल्लीवाल्याने गुपचूप देऊ नये.

सारा भार नियमावर टाकूनही भागत नाही. ह्याविषयी इंटरनेटच्या इतिहासातील एक प्रसंग मनन करण्यासारखा आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि जवळचे बर्कली विद्यापीठ ह्यांच्यामधील वाहतूक एकाएकी कोलमडली. दोहोंत अंतर सुमारे ४०० यार्ड. पण सेकंदाला ३२,००० बिटांचा वेग ४० बिटांवर आला. कारण असे की पाकीट पोहोचले नाही असे वाटताच प्रत्येक संगणक तेच पाकीट पुन्हा पाठवी. त्याने गर्दी वाढे. गर्दीने आणखी पाकिटे अडत. आणि मग सारेच पुन्हा पुन्हा पाठवीत. प्रत्येकजण आपल्या परीने योग्यच वागत होता, आणि सर्व मिळून कोणाचेच काम होत नव्हते. व्हॅन जेकबसन ह्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला उपाय पहारेकऱ्याचा नव्हता. पाठविणाऱ्यानेच गर्दीची खूण ओळखावी, वाट मोकळी असता वेग पायरीपायरीने वाढवावा, आणि गर्दी दिसताच एकदम माघार घ्यावी, असा तो होता. आज सबंध जगाचे इंटरनेट पुष्कळ अंशी ह्या माघारीच्या सवयीवर उभे आहे. यंत्रांनाही संयम शिकवावा लागला तेव्हा जग चालले. मग माणसांची गोष्ट काय सांगावी!

असो. आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो, कारण काही घरांना ते उपयोगी पडेल.

प्रथम, आळीपाळीने पाकिटे उचलणारी रांगेची सोय असलेला राउटर घेतला. ही पद्धत २०१८ सालापासून इंटरनेटच्या प्रमाणग्रंथांत नोंदलेली आहे, आणि माणसामागे नसली तरी निदान उपकरणामागे वाटणी करणारी तिची सुधारलेली रूपेही आता मिळतात. ती चालावयाची तर एक गोष्ट करावी लागते: जोडणीचा जो खरा वेग असेल त्याच्या सुमारे नऊदशांशच वापरावयाचा असे राउटरला सांगावे लागते, म्हणजे रांग पुरवठादाराच्या यंत्रात न साचता आपल्याच राउटरच्या ताब्यात राहते. थोरला चुलतभाऊ म्हणाला, "पैसे पूर्ण भरून दहावा भाग सोडावयाचा?" होय, तो दहावा भाग सोडल्यानेच उरलेले नऊ भाग सर्वांच्या उपयोगाचे होतात. संपूर्ण हक्क वसूल करण्याचा हट्ट धरला की हक्क कागदावर राहतो आणि सुख हातचे जाते. हे केवळ राउटरपुरतेच खरे आहे असे मला वाटत नाही.

दुसरे, आजीच्या मागच्या खोलीत लहर क्षीण पोहोचे. वाय-फायमध्ये हवा हीच सामाईक वाट. एका वेळी एकानेच बोलावयाचे. दूरचा जुना मोबाईल सावकाश बोलतो, आणि तो बोलत असता इतरांना थांबावे लागते. "आजीचा मोबाईल बंद ठेवला तर सर्वांचे काम जलद होईल," अशी एक सूचना आली. तिच्यात हिशेब बरोबर होता. न्याय मात्र नव्हता. आम्ही राउटर ओसरीवरून काढून माजघराच्या मध्यभागी टांगला. आजीचा मोबाईल जलद चालू लागला आणि इतरांचेही थांबणे कमी झाले. दुर्बलाला रांगेतून काढण्यापूर्वी पाणवठा त्याच्या जवळ आणता येतो का, हे पाहावे.

तिसरे, चित्रफिती पाठविणे, मोठे खेळ उतरविणे असली जड कामे रात्री अकरानंतर. ४० गिगाबाइटचा खेळ उतरण्यास आमच्या जोडणीवर तीन तास लागतात. ते पहाटेपूर्वी होऊन जाते आणि कोणाच्या वाटेत येत नाही. परीक्षा, मुलाखत, दवाखान्याचे बोलणे असेल त्याने देवघराबाहेरील पाटीवर आदल्या दिवशी वेळ लिहावी. त्या वेळी इतरांनी आपण होऊन थांबावे.

चौथे, माझ्यापुरते. ज्याच्या हाती किल्ली त्याच्यावर बंधन अधिक, हे मी उशिरा शिकलो. राउटर कोणी किती वापरले हे सांगतो. प्रयत्न केल्यास कोण कोठे गेले ह्याचाही काही माग लागू शकतो. वाटणी राखण्यासाठी "किती" एवढे पुरे. "काय" ह्यात डोकावणे म्हणजे दुसऱ्याचे पत्र फोडणे. म्हणून नोंदी मी प्रमाणापुरत्याच ठेवितो, परवलीचा शब्द काकूंनाही दिला आहे, आणि जे नियम इतरांना तेच माझ्या मोबाईलला लागू आहेत. पहारेकरी निजला तर घरच्यांना चोराची भीती. परंतु पहारेकरीच अजाणता चोर झाला तर कोणास संशयदेखील येत नाही. मी ते अनुभवले आहे. "मला ठाऊक नव्हते" हे इतरांच्या तोंडी क्षम्य आहे. ज्याने ठाऊक करून घेण्याचे काम पत्करले त्याच्या तोंडी ते पुरेसे नाही.

हे सारे करूनही एक गोष्ट मनाला टोचत राहते. आमच्या घरातील नऊ माणसांची पंगत आम्ही नीट मांडली. परंतु ज्या वाडीवर अजून तारच पोहोचली नाही तिचे काय? १९८७ साली पूर्ण झालेल्या सुपा धरणाखाली जुने सुपा गाव गेले. येथील माणसांनी इतरांच्या उजेडासाठी घरेदारे सोडली. वाटणीत आपण कोठे बसलो आहोत, ह्याची जाणीव ह्या मातीत नवी नाही. सर्वांना तार पुरविणे हे सरकारचे काम आहे आणि त्यासाठी मागणी करीत राहिलेच पाहिजे. तोपर्यंत आपल्या हाती जे आहे ते करावे. शेजारच्या वाडीवरची दोन मुले आता संध्याकाळी आमच्या ओसरीवर अभ्यासाला येतात. त्यांच्यासाठी पाहुण्यांची निराळी जोडणी ठेविली आहे. ती येऊ लागल्यापासून आमच्यापैकी कोणाचा सामना अडला नाही की भजन थांबले नाही.

बहिणीने यंदा त्याच शिष्यवृत्तीसाठी पुन्हा अर्ज केला आहे. निकाल काय लागेल तो लागो, मुलाखतीची वेळ तिने पाटीवर लिहिली आहे, आणि खाली धाकट्या चुलतभावाने आपल्या अक्षरात लिहिले आहे, "ह्या वेळी मी सामना पाहणार नाही." त्याची काही गरज नाही, नव्या व्यवस्थेत दोन्ही चालेल, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "तरी असू दे."

समान वाटणी यंत्र करू शकते. न्याय्य वाटणीला मात्र शेवटी दुसऱ्यासाठी थांबणारा माणूसच लागतो. आपापल्या घरी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून एवढेच विचारावे: आपल्या घरात कोण कोणासाठी ताटकळत आहे, आणि ते आपल्याला ठाऊक तरी आहे काय? एवढे सुचवून हा लेख पुरा करतो.